पानांचा काढा, धातूचे कण आणि कर्करोग

कडुनिंबाची पाने धुऊन सावलीत वाळवायची, भरड दळायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये साठ ते ऐंशी अंशांवर तापवायची आणि तो काढा गाळणकागदातून गाळून घ्यायचा. इथवरचे काम कुठल्याही घरात होईल. पुढे प्रयोगशाळा लागते. झिंक नायट्रेटचे द्रावण चुंबकी ढवळणीवर ठेवून त्यात काढा थेंबाथेंबाने सोडतात. रंग बदलतो, गाळ बसतो. हा गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, पाण्याने आणि अल्कोहोलने धुऊन, ओव्हनमध्ये वाळवतात आणि शेवटी मफल भट्टीत चारशे-पाचशे अंशांवर भाजतात. बाहेर येते ती झिंक ऑक्साइडची पांढुरकी पूड. तिचा एकेक कण वीस, तीस, पन्नास नॅनोमीटरचा असतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ हजार नॅनोमीटर असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेचा अंदाज यावा.

ही पूड मग काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकतात, किती मेल्या ते मोजतात आणि शोधनिबंधाच्या शेवटी ‘कर्करोगाच्या उपचारात उपयुक्त ठरण्याची शक्यता’ असे वाक्य येते. भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांत या पद्धतीचे काम चालते. भांडवल थोडे लागते, झाड अंगणात असते, आणि निकाल बहुधा अनुकूलच येतो. काढ्यापासून कर्करोगापर्यंतचे हे अंतर निबंधात आठ-दहा पानांत कापले जाते. प्रत्यक्षात ते किती आहे आणि त्यातले किती खरोखर कापून झाले आहे, हे वाचकापुढे आधीच मांडावे, म्हणजे पुढची प्रकरणे वाचताना उमेद आणि शंका दोन्ही योग्य जागी राहतील.

पहिली गोष्ट झाडाबद्दलची. ‘वनस्पतीजन्य’ म्हटले की मराठी वाचकाचे मन लगेच औषधी वनस्पतीकडे जाते, आणि ते चूक म्हणता येणार नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीन आजही दिले जाते. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडते, त्यापासून पुढे टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे निघाली. त्यापायी नरक्याची इतकी तोड झाली की झाड धोक्यात आले. या उदाहरणांत झाडाने बनवलेला रेणू हाच औषध आहे. आपल्या विषयात तसे नाही. इथे औषध म्हणून पुढे येतो तो धातूच्या ऑक्साइडचा कण, आणि पानातले रेणू तो कण घडवायला मदत करतात. पान इथे वैद्य नाही, गवंडी आहे. गवंडी कडुनिंबाचा होता म्हणून घराला कडुनिंबाचे गुण आपोआप येत नाहीत. हा फरक नजरेआड झाला की या विषयावरचे निम्मे लेखन जाहिरातीसारखे वाचले जाते.

गवंड्याचे हे काम पहिल्यांदा ज्यांनी नीट पाहिले, त्यांच्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला आधी बुरशीकडून आणि मग पानांकडून नॅनोकण करून घेतले. २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे, चांदीचे आणि सोन्यावर चांदीचे कवच असलेले कण केल्याचा त्यांचा निबंध आला. त्याच वर्षी गवती चहाच्या कुळातल्या गवताच्या अर्कातून त्यांनी सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे मिळवले. गोल कण पुष्कळांना जमतात, पण पानाच्या अर्काने त्रिकोण घडवावेत ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. आज जगभर कडुनिंब, कोरफड, तुळस यांची नावे ज्या निबंधांत दिसतात, त्यांतल्या अनेकांची वाट या कामातून फुटलेली आहे. त्याआधी थोडीच वर्षे, १९९८ मध्ये, पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली होती. विषारी रसायने वापरू नका, टाकाऊ पदार्थ मुळातच निर्माण होऊ देऊ नका, ऊर्जा वाचवा, असा त्यांचा आग्रह. सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिन या विषारी क्षपणकांऐवजी पानाचा काढा, ही कल्पना त्या चौकटीत चपखल बसली.

मात्र सोने-चांदीवरून जस्त-लोहावर येताना एक गफलत झाली आणि ती अजून निस्तरलेली नाही. सोने आणि चांदी हे धातू आपल्या क्षारांतून सहज धातुरूपात उतरतात. पानातली पॉलिफेनॉल त्यांना इलेक्ट्रॉन देऊ शकतात. जस्ताचे तसे नाही. जस्ताच्या आयनाला धातू करायला जो जोर लागतो, तो पानाच्या काढ्यात नसतो. तरीही कित्येक निबंधांत ‘काढ्यातल्या फ्लॅव्होनॉइडांनी जस्ताचे क्षपण केले आणि मग हवेने त्याचे ऑक्साइड झाले’ अशी आकृती बाण काढून दिलेली असते. घडते ते बहुधा वेगळे. पॉलिफेनॉल जस्ताच्या आयनाला धरून ठेवतात, पाण्यात त्याचे हायड्रॉक्साइड व्हायला हातभार लावतात, वाढणाऱ्या कणाभोवती बसून त्याला फार मोठा होऊ देत नाहीत आणि भट्टीत त्याचे ऑक्साइड होते. लोहाशी तर या रेणूंचे सख्य जुने आहे. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तो याच बंधामुळे. कण कसा बनतो याची ही बारीक चर्चा कंटाळवाणी वाटेल, पण कर्करोगाशी तिचा थेट संबंध आहे. कणाच्या अंगावर पानातले काय उरले, हे त्यावर ठरते.

आणि इथेच ती भट्टी आडवी येते. पाचशे अंशांवर दोन-तीन तास भाजल्यावर पानातले सेंद्रिय रेणू जळून जातात. उरतो थोडा कार्बन आणि खनिजे. तेव्हा अशा भाजलेल्या पुडीबद्दल ‘वनस्पतीच्या औषधी आवरणामुळे परिणाम वाढला’ असे कुणी म्हटले, तर ते आवरण कुठे गेले, असे विचारले पाहिजे. भट्टी न वापरता कमी तापमानाला केलेल्या कणांवर आवरण राहते. इन्फ्रारेड वर्णपटात त्याच्या खुणा दिसतात. मात्र असे कण अनेकदा कमी स्फटिकी आणि जास्त मिसळ असलेले निघतात. दोन्ही फायदे एकदम हवेत म्हणून चालत नाही.

हे वाचताना काहींच्या मनात एव्हाना भस्मांचा विचार आला असेल. यशद भस्म करताना जस्ताला कोरफडीच्या रसाची भावना देऊन पुटात भाजतात; लोहभस्मात त्रिफळ्याचा काढा येतो. यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, आणि आधुनिक सूक्ष्मदर्शकाखाली काही भस्मांत नॅनो मापाचे कण दिसलेही आहेत. भस्म पाण्यावर तरंगले तर ते वारितर, बोटाच्या रेषांत भरून राहिले तर रेखापूर्ण, अशा कसोट्या रसशास्त्राने ठरवल्या होत्या. पूड किती बारीक आहे हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखण्याची ती हुशार रीत होती. यापुढे जाऊन आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान ठाऊक होते, किंवा भस्माने कर्करोग बरा होतो, असे म्हणायला मात्र काही आधार नाही. पद्धतीत साम्य आहे, ते मजेदार आहे, त्याचा अभ्यास व्हावा, एवढेच.

आता मूळ प्रश्न. धातूंची ऑक्साइडे कर्करोगाच्या पेशीला मारतातच कशी? प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे, आणि सगळ्यांना एकाच वाक्यात ‘मुक्त मूलके निर्माण करून’ असे गुंडाळणे हा या क्षेत्रातला आळस आहे.

झिंक ऑक्साइड पेशीच्या आत शिरते आणि लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशवीत पोहोचते. तिथला सामू साडेचार ते पाच. त्या आम्लात कण भराभर विरघळतो, जस्ताचे आयन एकदम मोकळे होतात, मायटोकॉन्ड्रियाचे काम बिघडते, क्रियाशील ऑक्सिजन वाढतो आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. गाठीच्या आसपासचे द्रवही निरोगी ऊतींपेक्षा किंचित आम्ल असतात, म्हणून हा कण गाठीत जास्त विरघळेल अशी आशा आहे. पण जस्त जास्त झाले तर ते निरोगी पेशीलाही सोडत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तो झिंक ऑक्साइडच्या धुरामुळेच.

लोहाच्या ऑक्साइडाची गोष्ट जास्त भरीव आहे. कर्करोगाच्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड अनेकदा जास्त असते. लोह त्याच्याशी प्रक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. हेन्री फेंटन यांनी ही प्रक्रिया १८९४ साली नोंदवली, तेव्हा तिचा कर्करोगाशी काही संबंध येईल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. शिवाय लोहाचे ऑक्साइड चुंबकीय असते. बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की कण तापतात आणि भोवतालची गाठ चाळीस अंशांच्या वर जाते. सिरियम ऑक्साइड आणखी चमत्कारिक. सिरियम दोन संयुजांमध्ये ये-जा करते, त्यामुळे उदासीन माध्यमात ते मुक्त मूलके टिपून निरोगी पेशीला वाचवते आणि आम्ल माध्यमात उलटे वागते. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो, आणि तो कातडीखाली फार खोल जात नाही. त्याच टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासावाटे गेली तर कर्करोग होण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे. एकाच पदार्थाचे दोन तोंडांनी बोलणे असते, ते असे.

यातले रुग्णापर्यंत काय पोहोचले? इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर विषयाला जमिनीवर आणते. फ्रान्समधल्या नॅनोबायोटिक्स या कंपनीने हाफ्नियम ऑक्साइडचे कण तयार केले. ते शिरेतून देत नाहीत, थेट गाठीत टोचतात आणि मग नेहमीचे रेडिएशन देतात. हाफ्नियमचा अणुक्रमांक ७२. त्याच्यावर क्ष-किरण पडले की तो भोवती इलेक्ट्रॉनांचा मारा करतो, म्हणजे रेडिएशनची ताकद गाठीच्या आतच वाढते. मऊ ऊतींच्या सार्कोमावर १८० रुग्णांत झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी गाठीतल्या पेशी जवळजवळ पूर्ण मेल्याचे प्रमाण कणांसह सुमारे १६ टक्के आणि नुसत्या रेडिएशनने सुमारे ८ टक्के निघाले. २०१९ मध्ये युरोपात या कणांना मान्यता मिळाली. जर्मनीत लोहाच्या ऑक्साइडाचे कण मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात टोचून चुंबकीय क्षेत्राने तापवण्याची पद्धत विकसित झाली आणि २०१० मध्ये तिला युरोपात परवानगी मिळाली. त्या रुग्णांचे दातांतले धातूचे भरावसुद्धा आधी काढावे लागत, कारण तेही तापण्याची भीती. फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडाचे इंजेक्शन अमेरिकेत २००९ पासून किडनीच्या रुग्णांतल्या ॲनिमियासाठी वापरात आहे. २०१६ मध्ये उंदरांवर असे दिसले की ते गाठीतल्या मॅक्रोफेज पेशींना कर्करोगाविरुद्ध उभे करते. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातही चुंबकीय कणांवर काम झाले आहे.

या यशांत एक गोष्ट समान आहे. त्यांतले एकही पानाच्या काढ्यातून बनलेले नाही. वनस्पतीच्या साहाय्याने केलेला धातू-ऑक्साइडचा एकही नॅनोकण आज जगात कुठेही कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध नाही. दुसरे, यांतली ठळक उदाहरणे गाठीत थेट टोचण्याची आहेत. शिरेतून दिलेल्या कणांचे काय होते याचा हिशेब २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांच्या निबंधांतून काढला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा भाग मध्यकानुसार अवघा ०.७ टक्के निघाला. गाठीच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात म्हणून कण तिथे आपोआप साचतात, ही हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना उंदरांत बरीच टिकली, माणसांत तितकी नाही. बहुतेक कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. रक्तात शिरताच प्रथिनांचा थर कणावर चढतो, आणि पुष्कळदा त्या थरापुढे पानातल्या आवरणाचे काही चालत नाही.

प्रयोगशाळेतले आकडे मग इतके उत्साहवर्धक का दिसतात? एक कारण चाचणीतच आहे. पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे ओळखायला १९८३ मध्ये टिम मॉसमन यांनी एमटीटी चाचणी काढली. जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात. जांभळा रंग मोजायचा. सोपी, स्वस्त, उपयुक्त. पण कणावर पानातली पॉलिफेनॉल शिल्लक असतील, तर तीसुद्धा या रंगद्रव्याचे क्षपण करतात; पेशी एकही नसली तरी जांभळा रंग येऊ शकतो. उलट, कण रंगद्रव्य शोषून घेऊ शकतात किंवा प्रकाश विखरून आकडा बिघडवू शकतात. यावर उपाय साधे आहेत. पेशी नसलेल्या खोबणीत कण टाकून पाहा. तेवढेच जस्त साध्या झिंक क्षाराच्या रूपात देऊन पाहा. नुसता काढा देऊन पाहा. तिन्ही तुलना नसतील तर परिणाम कणाचा, जस्ताचा की पानाचा हे ठरवता येत नाही. शोधनिबंध हाती आला की मी आधी या तीन ओळी शोधतो, आणि पुष्कळदा तिन्ही सापडत नाहीत.

दुसरे कारण पेशी. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची पेशीमालिका मिशिगनमधल्या एका ननच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या द्रवातून आली आणि गेली पन्नासएक वर्षे जगभर वाढवली जाते. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून आपल्याकडच्या प्रयोगशाळांना अशा पेशीमालिका मिळतात. त्या अमूल्य आहेत. त्यांच्यावाचून औषधशास्त्र लंगडे पडेल. पण ताटलीत एका थरात पसरलेल्या पेशींना रक्तपुरवठा नसतो, यकृत नसते, प्रतिकारशक्ती नसते. तिथे कण पेशीपर्यंत पोहोचतो, कारण आपण तो तिच्या अंगावर ओतलेला असतो.

राहिला ‘पर्यावरणस्नेही’ हा दावा, आणि तो कर्करोगाच्या दाव्याहून वेगळा तपासावा लागतो. झिंक नायट्रेट पानावर उगवत नाही, ते कारखान्यातूनच येते. नायट्रेट पाण्यात उरते. भट्टी तासन्‌तास वीज खाते. एका विषारी क्षपणकाची बचत झाली म्हणून सगळी प्रक्रिया हिरवी ठरत नाही. आणि झिंक ऑक्साइडच्या बाबतीत तर तो क्षपणक मुळात लागतच नव्हता. याउलट, उसाचे पाचट, डाळिंबाची किंवा संत्र्याची साल असा टाकाऊ माल वापरून, कमी तापमानाला, पाण्यातच कण बनवले तर दाव्याला खरा अर्थ येतो. सोलापूर-नाशिककडे डाळिंबाच्या आणि नागपूरकडे संत्र्याच्या सालींना तोटा नाही.

औषधाच्या अंगाने पाहिले तर सगळ्यात अवघड अडचण पानाचीच आहे. चैत्रातली कडुनिंबाची कोवळी पालवी आणि मार्गशीर्षातले जून पान यांतली पॉलिफेनॉल सारखी नसतात. जमीन, पाऊस, झाडाचे वय यांनी त्यांत फरक पडतो. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. कणाचा आकार, पृष्ठभागाचा विद्युतभार, स्थिरता, आणि एका खेपेचा माल दुसरीसारखाच निघणे, हे सारे तिथे दाखवावे लागते. काढ्याच्या भरवशावर ते दाखवणे कठीण आहे.

म्हणून मला या विषयात सर्वांत आशादायक काम वाटते ते काढ्यातला नेमका रेणू शोधण्याचे. कणाला कोण धरून बसले आहे, त्याच्यामुळे कण पेशीत जास्त शिरतो का, यकृताच्या नजरेतून निसटतो का, हे एकेक रेणू घेऊन तपासता येते. लोहाच्या कणांवर गॅलिक आम्लाचे आवरण देऊन असे प्रयोग झालेले आहेत. तिथे खेपेगणिक फरक पडत नाही आणि कार्यकारणही दाखवता येते. तसे केले तर पान मध्येच गळून पडेल, अशी तक्रार काही संशोधक करतात. व्हिन्क्रिस्टीनच्या बाबतीत ते शक्य झाले नाही. तो रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की आजही तो सदाफुलीतूनच काढणे परवडते. गॅलिक आम्ल साधे आहे, बाटलीत तयार मिळते. आणि ते बाटलीत येते, तेही मुख्यतः वनस्पतींच्याच टॅनिनमधून: पेरू देशातल्या टारा झाडाच्या शेंगांतून, किंवा आपण बाळगुटीत उगाळतो त्या मायफळासारख्या गाठींतून.